पियानोला विचारलंस का?

मित्रांनो, मी एक जुना ट्यूनर आहे, रॅकमध्ये बसणारा, आणि माझ्या मनातला सूड अजून विझलेला नाही. आपलं आयुष्य सांगायला बसलेल्या वस्तू सहसा फार गोड बोलतात. फुटकी छत्री असो की गंजलेली सायकल, सगळ्यांनी सगळ्यांना माफ करून टाकलेलं असतं. मला ते जमणार नाही. मी एका माणसाची चांगली जिरवली होती, निदान मला तसं वाटलं होतं, आणि तीच हकिगत तुम्हाला सांगणार आहे. पण आधी माझं काम समजून घ्या, मग भांडणाकडे वळू.

गिटारच्या तारा फार लहरी असतात. उन्हाने सैल पडतात, थंडीने ताणल्या जातात, आणि काहीच कारण नसेल तर नुसत्या वाजवण्याने बिघडतात. तार नेमकी हवी तेवढी ताणली आहे की नाही, हे सांगणारं यंत्र म्हणजे ट्यूनर. माझ्या तोंडावर दिव्यांची एक लांब ओळ आहे. तार उतरलेली असेल तर डावीकडचे लाल दिवे लागतात, चढलेली असेल तर उजवीकडचे, आणि बरोबर जुळली की मधला हिरवा. एवढंच माझं बोलणं. पण त्या एवढ्याशा बोलण्यात मी उभ्या जन्मात कधी खोटं बोललेलो नाही.

आम्हा ट्यूनरांची दोन घराणी आहेत. एक आमचं, रॅकचं. रॅक म्हणजे लोखंडी चौकटीचा खोका. कपाटात जसे खण असतात तशी त्यात यंत्रं एकावर एक स्क्रूने पक्की बसवलेली असतात. आम्ही रुंद, जड आणि लांबून दिसणारे. स्टेजच्या कडेला, वादकाच्या नजरेच्या उंचीवर आमचं बस्तान असतं. दुसरं घराणं पेडलचं. साबणाच्या वडीहून थोडं मोठं, जमिनीवर वादकाच्या पायाशी पडलेलं, लाथ बसली की चालू होणारं आणि दुसरी लाथ बसली की बंद होणारं. जो रोज लाथा खाऊन पोट भरतो त्याच्याबद्दल मी आणखी काय बोलणार? तुम्हीच काय ते ठरवा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. भिंग डोळ्याला लावून बसणाऱ्या एका बाईने माझे भाग एकेक करून जोडले. प्रत्येक जोड झाला की ती त्यावर हलकी फुंकर घालत असे. शेवटी तिने माझ्या पुढच्या पट्टीमागे एक चिमुकला माइक बसवला. त्यामुळे वायर लावली नाही तरी मला आजूबाजूचं ऐकू येतं. माझ्या सगळ्याच भाऊबंदांना ही देणगी मिळालेली नाही, आणि पेडलांना तर वायरीतून आत येईल तेवढंच ऐकू येतं.

वाद्यांच्या दुकानात मी वरच्या फळीवर होतो. एके दिवशी सकाळी एक बहीण आणि तिचा भाऊ तिथे आले. भाऊ एकोणीस वर्षांचा, गिटार वाजवणारा. घरात सगळे त्याला धाकटा म्हणत, पुढे बाहेरचेही तेच म्हणू लागले. बहीण त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणजे आमची ताई. ती वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कामाला होती. धाकट्याचे डोळे खालच्या फळीवरच्या रंगीत पेडलांवर खिळले होते.

"पेडलच घ्या," दुकानदार म्हणाला. "पायाशी टाका, विषय संपला. हे वरचं धूड कशाला उचलताय?"

"आणि पेडलचे दिवे बघणार कोण?" ताईने विचारलं.

"जो वाजवतो तोच."

"म्हणजे याने लोकांसमोर उभं राहून स्वतःच्या पायांकडे बघायचं?" ताई हसली आणि मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "याला वायरीशिवाय ऐकू येतं का?"

"येतं की."

"मग हाच द्या."

धाकटा म्हणाला, "तुला जे पटेल ते घे, ताई." त्या काळात तो असंच म्हणायचा. मित्रांनो, त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला होता! खालच्या फळीवरच्या त्या चपट्यांकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्यानंतर बारा वर्षं मी काम केलं. धाकटा गिटार वाजवत गायचा, एकजण ड्रम वाजवायचा आणि पियानोवर असायचे काका. नात्याने ते कुणाचे काका नव्हते, पण सगळे त्यांना पियानोवाले काका म्हणायचे. स्टेजच्या कडेला एका स्टुलावर ताई बसे आणि तिच्यापुढे खोक्यात मी. धाकट्याच्या दोन गिटार होत्या. एक त्याच्या गळ्यात असताना दुसरी ताईच्या मांडीवर असे. ती माझ्याकडे बघत तारा जुळवी, गाणं संपलं की गिटारींची अदलाबदल होई, आणि लोकांना वाटे की या पठ्ठ्याची गिटार कधी बिघडतच नाही.

आता ताईची एक पद्धत सांगतो, कारण सगळं रामायण त्यावरूनच झालं. तिच्या कारखान्यात एक नियम होता. कुठलाही काटा हातात आला की त्यावर आधी प्रमाणित वजन ठेवायचं आणि तो काय म्हणतो ते बघायचं. याला तिथले लोक विचारणं म्हणत. "काट्याला विचारलंस का?" असं ती माणसं दिवसभर एकमेकांना म्हणत असत. काटा कितीही नवा आणि चकचकीत असला तरी त्याला विचारल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

हीच सवय तिने स्टेजवर आणली. तार एका सेकंदात किती वेळा थरथरते यावरून सूर ठरतो. एका ठरावीक सुरासाठी बहुतेक लोक चारशे चाळीस हा आकडा धरतात, आणि कारखान्यातून निघताना मीही त्यावरच लावलेला होतो. पण आमचे मोठे कार्यक्रम ज्या हॉलमध्ये व्हायचे, तिथला पियानो जुना आणि चढ्या सुरातला होता. खाली उतरवायला गेलं तर त्याच्या तारांचा भरवसा नव्हता, म्हणून काका तो कानाने लावून वर्षानुवर्षं त्याच उंचीवर राखत. माझ्या मोजणीत तो चारशे चव्वेचाळीसवर होता. फरक चारचाच, पण गिटार आणि पियानो एकत्र वाजले की तेवढ्यानेही सगळं आंबूस होतं.

म्हणून प्रत्येक कार्यक्रमाआधी ताई खोका ढकलत पियानोजवळ नेई आणि म्हणे, "काका, विचारू का?"

"विचार गं पोरी," काका म्हणत आणि एक पट्टी दाबून धरत.

माझा हिरवा दिवा लागेपर्यंत ताई माझं एक बारीक बटण दाबत राही. मी चव्वेचाळीसवर आलो की मग धाकट्याच्या तारा माझ्याशी जुळवायच्या. या सगळ्या वेळात काकांनी माझ्या दिव्यांकडे एकदाही पाहिलं नाही. ते ताईच्या चेहऱ्याकडे बघत. तिने मान हलवली की पट्टी सोडत. धाकटा त्या वेळी कपडे बदलत असे नाहीतर कुणाशी तरी गप्पा मारत असे. सरावाच्या खोलीत काका विजेवरचा छोटा कीबोर्ड वाजवायचे, आणि तो चारशे चाळीसवरच असे. त्यामुळे असं काही करावं लागतं याची धाकट्याला बारा वर्षांत गंधवार्ताही नव्हती.

एकाने वर्तमानपत्रात लिहिलं की या मंडळींची गिटार आणि पियानो एकाच घरात वाढल्यासारखे वाटतात. धाकट्याने ते कात्रण भिंतीवर लावलं. त्यात ताईचं नाव नव्हतं आणि माझं तर नव्हतंच. ताईला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं. तेव्हापासून माझ्या पोटात एक खडा बसला होता.

मग एक दिवस रेडिओवर धाकट्याची मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्याने हसत हसत विचारलं, "ऐकलंय की तारसुद्धा ताईच लावून देते? बुटांची नाडी कोण बांधतं?" सगळे खो खो हसले. धाकटाही हसला, पण त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पुढचे काही दिवस जो भेटेल तो त्याला नाडीवरून चिडवत होता. तो एकतीस वर्षांचा झाला होता, त्याचं दुखणं मला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं.

दोन आठवड्यांनी ताई सरावाला आली, तर जमिनीवर एक लालभडक पेडल बसलेलं. तिचं स्टूल कुठे दिसेना. नंतर ते दाराबाहेर सापडलं, त्यावर कुणीतरी हेल्मेट ठेवलं होतं.

"ताई, हे बघ," धाकटा उत्साहाने म्हणाला. त्याने पेडलवर पाय दिला, तसा गिटारचा आवाज बाहेर जायचा बंद झाला. त्याने चूपचाप सहा तारा जुळवल्या आणि पुन्हा पाय दिला. "लोकांना काही ऐकूच येत नाही. पिशवीत मावतं. आता तो खोका दोघांनी उचलायला नको. तुझे कष्ट वाचले. तू मस्त समोर बसून ऐकायचं."

खरं सांगायचं तर त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. पेडल हलकं होतं, पायाने चालत होतं, अंधाऱ्या स्टेजवरही स्वच्छ दिसत होतं. मी जड, मला वेगळी वायर लागते, माझ्याजवळ बसायला एक माणूस लागतं. पण निवड करताना त्याने हे सगळं मोजलं आणि ते माणूस तेवढं मोजलं नाही.

ताई फक्त "बरं" म्हणाली. खोका रिक्षात घालून मला घरी घेऊन गेली.

सहा महिने मी तिच्या घराच्या बोळकांडीत पडून होतो. आधी माझ्या खोक्यावर इस्त्रीचे कपडे आले, मग एक फुलझाडाची कुंडी आली. कुंडीतून पाणी झिरपायचं आणि माझ्या कडेला गंज धरायचा. ताई येता-जाता माझ्याकडे बघत नसे. कारखान्यातून आली की खुर्चीत बसून राही. त्या महिन्यांत हॉलवर काही नव्हतं, कीबोर्डवरचे छोटे कार्यक्रमच होते; तेही रविवारी असले तरी जात नसे, डोकं दुखतंय म्हणे. धाकट्याने चारदा फोन केला, पाचव्यांदा केला नाही.

मी तिथे पडल्या पडल्या काय करत होतो म्हणता? शिव्याशाप देत होतो. त्या लाल चपट्याची बॅटरी भर गाण्यात संपू दे. ड्रमवाल्याचा पाय पडून त्याचं बटण आत जाऊ दे. कुणाचं तरी पाणी त्याच्यावर सांडू दे. आणि त्या धाकट्याची सगळ्यांसमोर अशी फजिती होऊ दे की त्याला माझी आठवण यावी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. मित्रांनो, धातूच्या डब्यात राग फार काळ टिकतो, त्याला बाहेर जायला जागाच नसते.

आणि एक दिवस फोन वाजला.

"ताई, येत्या रविवारी दुपारी हॉलवर कार्यक्रम आहे," धाकटा सांगत होता. "रेकॉर्डिंगवाले येणार आहेत. आपलं पहिलं लाइव्ह रेकॉर्ड निघणार! तो जुना खोका घेऊन येशील का? असू दे जवळ. पेडलने दगा दिला तर पंचाईत नको."

"मी कुठे बसू?" ताईने विचारलं.

"खोक्याजवळच बस ना. तुला सवय आहे."

ताईने फोन ठेवला, कुंडी खाली उतरवली आणि ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं. कितीतरी दिवसांनी तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला तिची कडेची जागा हवी होती, बाकी काही नको होतं. आणि तीच जागा तिला भाकरीच्या तुकड्यासारखी फेकून मिळत होती. तिच्या बोटांत राग होता, मला तो फडक्यातून कळला.

रविवारी दुपारी आम्ही हॉलवर पोचलो. तिने खोका नेहमीच्या जागी, पियानोपासून चार पावलांवर ठेवला आणि मला वीज दिली. धाकटा रेकॉर्डिंगवाल्यांच्या गराड्यात होता. त्यांनी प्रत्येक वाद्याचा आवाज वेगवेगळा तपासून घेतला होता. धाकट्याने पेडलवर पाय दिला. सहा तारा, सहा हिरवे दिवे, आणि तो निर्धास्त झाला. त्या चपट्याचा तोरा तर विचारूच नका.

पडदा उघडायला पंधरा मिनिटं होती. काका येऊन पियानोवर बसले, त्यांनी मान वळवून कडेला पाहिलं आणि ताई दिसताच त्यांचा चेहरा खुलला. सवयीने त्यांचं बोट त्या एका पट्टीवर गेलं.

"पोरी, विचारायचं नाही का आज?"

"आता पेडल आहे ना, काका," ताई म्हणाली.

"असं होय. नवी यंत्रं सगळं आपलं आपणच करत असतील."

बोलता बोलता त्यांनी पट्टी हलकेच दाबली. मी इतके महिने बंद होतो, त्यामुळे पुन्हा चारशे चाळीसवर येऊन बसलो होतो, अगदी त्या पेडलसारखा. माझा उजवीकडचा लाल दिवा लागला. मग त्याच्या पलीकडचा. ताईने ते पाहिलं. मी तर पाहतच होतो.

एक वाक्य पुरे होतं. "धाकट्या, पेडल चव्वेचाळीसवर घे." पंधरा मिनिटांत ते दहा वेळा सांगून झालं असतं. पण ताई बोलली नाही. कुणी येऊन बघू नये म्हणून तिने आपला तळवा माझ्या दिव्यांवर ठेवला आणि ती समोर बघत बसली.

त्या तळव्याखाली मी आनंदाने फुटत होतो. सहा महिन्यांचा वचपा! मी खोटं बोललो नव्हतो, तिनेही खोटं सांगितलं नव्हतं, आणि तरीही त्याची वाट लागणार होती. मला वाटलं, याहून सुंदर सूड जगात कुणी घेतला नसेल.

पहिल्याच गाण्याला गिटार आणि पियानो एकत्र वाजले आणि धाकट्याच्या कपाळाला आठी पडली. त्याने पेडलवर पाय दिला. सहा हिरवे दिवे. पुन्हा सुरू, पुन्हा आंबट. दुसऱ्या गाण्यात त्याने तीनदा पाय दिला. तिसऱ्यात तो घामाने निथळत होता आणि खाली बघून बघून गात होता. मध्येच त्याने कडेला, ताईकडे पाहिलं, बारा वर्षं पाहायचा तसं. ताईचे दोन्ही हात मांडीवर होते. ती त्याच्याकडे बघत राहिली. मी मनातल्या मनात म्हणत होतो, अजून, अजून.

मी फक्त धाकट्याकडे बघत होतो, ही माझी चूक. काकांकडे माझं लक्षच नव्हतं. ते दर गाण्याला जरा जरा हळू वाजवत होते. शेवटच्या गाण्यात तर त्यांची बोटं पट्ट्यांना जेमतेम लागत होती.

टाळ्या झाल्या. लोक भले असतात, टाळ्या वाजवतातच. पण रेकॉर्डिंग भलं नसतं.

चार दिवसांनी सकाळी आम्ही सगळे रेकॉर्डिंगच्या खोलीत जमलो. काही भाग पुन्हा वाजवावे लागतील म्हणून धाकट्याने खोकाही मागवला होता, त्यामुळे ताई आणि मी तिथे होतो. तिथल्या रेकॉर्डिंगवाल्याने दोन गाणी ऐकवली आणि आवाज बंद केला.

"मी तपासलंय," तो म्हणाला. "गिटार चोख आहे. पियानो चढलाय. कुणी लावला होता?"

"मी," काका म्हणाले.

काकांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा आत ठेवला.

"तसा तो थोडा चढा असतोच," ते म्हणाले. "पण बारा वर्षं तुझ्या गिटारशी जुळत होता. आता जुळत नाही म्हणजे या वेळी मीच जास्त खेचला. मला ते स्टेजवरच कळलं होतं. माझे कान गेले, धाकट्या. माझं नाव नको घालूस रेकॉर्डवर. दुसरं कुणी बघ. मी थांबतो."

"काका, वाईट वाटून घेऊ नका," धाकटा समजुतीने म्हणाला. "वय झालं की होतं असं."

ताई खुर्चीवरून उठली. मला कळलं ती काय करणार आहे, आणि मित्रांनो, लाज वाटते सांगायला, मी तिला मनातून विनवत होतो की बोलू नकोस. अजून थोडे दिवस राहू दे त्याला या गोंधळात.

"पियानो नेहमी असतो तेवढाच चढा होता," ताई म्हणाली. "कारखान्यात काट्याला विचारतात तसं मी दर वेळी पियानोला विचारायचे आणि तुझी गिटार त्याच्यापर्यंत चढवायचे. बारा वर्षं. पेडलला ते कुणी सांगितलंच नाही."

"तुला रविवारी हे ठाऊक होतं?"

"हो. दिवे लागले होते. मी त्यावर हात ठेवला."

धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. "तू बोलली का नाहीस?"

"तू मला विचारलंस?" ताईचा आवाज चढला. तिला एवढ्या मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "पेडल आणताना विचारलंस? माझं स्टूल बाहेर टाकताना विचारलंस? इतक्या वर्षांत एकदा तरी विचारलंस, ताई, तू तिथे बसून करतेस तरी काय?"

धाकटा खाली मान घालून उभा राहिला. माझ्या जिवाला थंडावा मिळाला! हाच तो क्षण, याचसाठी मी कुंडीखाली गंजत पडलो होतो. गोष्ट इथेच संपली असती तर मी आजही फुशारकी मारत बसलो असतो.

पण काका बोलले. ते ओरडले नाहीत. त्यांनी ताईकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, मी तर विचारलं होतं."

ताई परत खुर्चीवर बसली.

"चार दिवस मी घरात कपांवर चमचा वाजवून बघतोय," काका म्हणाले. "एक कप, मग दुसरा कप. कुठला चढा, कुठला उतरलेला, ओळखता येतंय का बघतोय. बायको म्हणाली, पुरे करा, कप फुटतील." ते जरासे हसले, पण ते हसू कुणालाही बघवत नव्हतं. मग उठून ते बाहेर गेले आणि ताई त्यांच्यामागे धावली.

बाहेर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दार बंद होतं. धाकटा एकटाच आत राहिला, पेडल हातात घेऊन उलटंपालटं करत. त्याच्या कडेला एक बारीक बटण होतं. त्याने ते दाबलं, तसा आकडा बदलला. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. म्हणजे त्या चपट्यालाही चव्वेचाळीसवर जाता येत होतं. त्याला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं. हे कबूल करताना आजही माझा जीव जळतो, पण त्या भांडणात पेडलचा काडीचाही दोष नव्हता.

महिन्याभराने कार्यक्रम पुन्हा झाला आणि रेकॉर्ड नीट निघालं. धाकट्याने ताईची माफी मागितली आणि स्टूल स्वतः उचलून कडेला आणून ठेवलं. छोट्या कार्यक्रमांना आता तो पेडल नेतो आणि काकांकडे जाऊन आपण होऊन विचारतो. मोठ्या हॉलमध्ये ताई आणि मी असतो. पेडलला माझ्याच खोक्यावर ठेवतात. मी अजून त्याच्याशी बोलत नाही.

म्हणजे आम्हाला हवं होतं ते सगळं मिळालं. ताईला तिची जागा मिळाली, मला माझी, आणि धाकट्याला अद्दल घडली. काकाही सोडून गेले नाहीत. ते पूर्वीसारखेच बोलतात आणि ताईला पोरी म्हणतात. कार्यक्रमाआधी ती खोका ढकलत त्यांच्याजवळ नेते, विचारू का म्हणते, आणि ते पट्टी दाबून धरतात.

फक्त आता ते तिच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. पट्टीवर एक बोट ठेवून ते दुसऱ्या हाताने चष्मा लावतात, माझ्याकडे वाकतात आणि दिवे स्वतः पाहतात. ताई बटण दाबता दाबता बाजूला सरते, त्यांना नीट दिसावं म्हणून.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं या जागी सांगायचं असतं. जपा किंवा जपू नका, ती तुमची मर्जी. मी वेगळंच सांगतो. कुणाचा राग आला तर त्याच्या तोंडावर भांडा, आदळआपट करा, हवं तर एखादी वायर उपटून टाका. पण गप्प बसून सूड घेऊ नका. तुमच्या गप्प बसण्याचा मार कुणाला बसणार आहे, ते तुमच्या हातात नसतं.

धाकट्याला मी अजून माफ केलेलं नाही, आणि बहुधा करणारही नाही. पण काका चष्मा लावून वाकतात आणि माझा हिरवा दिवा लागायला क्षणभर उशीर होतो, तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या ताईचा श्वास अडकतो, आणि तो मला दर वेळी ऐकू येतो.